रॅम अपुरी पडते तेव्हा



मोबाइलवर लांबलचक अर्ज भरताय, मधेच सातबाऱ्याचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, परत आलात तर अर्ज कोरा. आपण नेटवर्कच्या नावाने बोटं मोडतो. पण बऱ्याचदा नेटवर्कचा काहीच दोष नसतो. रॅम भरलेली असते, कॅमेऱ्याला जागा हवी असते, म्हणून मागे राहिलेलं ॲप बंद केलं जातं. हे ठरवतं कोण? आणि त्या ठरवण्यात आपल्याला काही बदलता येतं का?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नेल, म्हणजे रॅमचं वाटप करणारा गाभा, आहे. लिनस टोरवाल्ड्सने ते जाहीर केलं १९९१ साली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा परम ८००० महासंगणक उभा राहिला. त्यामागचे विजय भटकर म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्याशेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आजचे परम महासंगणकही लिनक्सवरच चालतात. म्हणजे तिथे आणि तुमच्या खिशात मूळ कर्नेल एकच. रॅम कशी वापरायची याचे पर्याय तेवढे वेगळे लावलेले.

कर्नेल रॅमचे सहसा चार किलोबाइटचे तुकडे पाडतं, त्यांना पेज म्हणतात. दोन जीबीची ५,२४,२८८ पेज झाली. दर पेजच्या नोंदीला साधारण ६४ बाइट धरले, तर नुसत्या नोंदींनाच ३२ एमबी लागतात. गरिबाघरी हिशेबाचा खर्चही जाणवतो.

आता गंमत बघा. प्रोग्रॅम रॅम मागतात भरमसाट आणि वापरतात थोडी. कर्नेलला हे माहीत असतं, म्हणून शिल्लक नसतानाही ते 'घे' म्हणतं. याला ओव्हरकमिट म्हणतात. त्याच्या सेटिंगला ० दिलं तर कर्नेल अंदाजाने चालतं आणि अगदीच अवाच्या सवा मागणी नाकारतं. १ दिलं तर सगळ्यांना होकार. २ दिलं तर कडक हिशेब: मूळ सेटिंगनुसार स्वॅप (रॅममधली पेज बाहेर काढून ठेवायची जागा, सहसा डिस्कवर) अधिक निम्मी रॅम, त्यापुढे नकार. २ हा शिस्तीचा पर्याय वाटतो खरा. पण शाळेच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर तो लावला, तर रॅम रिकामी असतानाही ब्राउझर उघडेलच असं नाही. माझं मत विचाराल तर तिथे ० राहू द्यावं.

सगळेच एकदम वसुलीला आले की मात्र ओओएम किलर, म्हणजे रॅम संपल्यावर प्रोग्रॅम मारणारा कर्नेलचा भाग, उठतो. जो जास्त रॅम खातो, त्याचा गुण जास्त आणि त्याचाच नंबर आधी. त्यामुळे सर्व्हरवर अनेकदा डेटाबेसच मारला जातो, म्हणजे ज्याच्यासाठी यंत्र विकत घेतलं तोच! दर प्रोसेसच्या गुणात उणे १००० ते अधिक १००० असा फेरफार करता येतो; उणे १००० दिलेल्याला हात लागत नाही. अँड्रॉइडवर हे काम बहुतांशी एक वेगळी सेवा करते. समोरचं ॲप ती जपते, मागच्याला आधी काढते. तुमचा अर्ज गेला तो असा.

तिथवर वेळ येऊ नये म्हणून कर्नेल तीन पातळ्या धरतं. वाशिमच्या एकबुर्जी धरणात शहराला पिण्यासाठी पाणी राखतात, तशी थोडी रॅम कायम राखीव असते. मोकळी रॅम मधल्या पातळीखाली गेली की केस्वॅपडी हा कर्नेलचा मदतनीस जागा होतो आणि वरची पातळी गाठेपर्यंत पेज मोकळी करतो. खालची पातळीही ओलांडली, तर रॅम मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबून ती मोकळी करत बसावं लागतं. माऊस अडकतो तो बहुधा तेव्हा. हा राखीव साठा वाढवता येतो, पण दोन जीबीत फार वाढवाल तर वापरायला उरेल काय?

जुन्या यंत्राला खरा आधार झेडरॅमचा. तो पेज हार्ड डिस्कवर न टाकता दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतो. पेज स्वॅपमध्ये टाकण्याकडे कर्नेलचा कल किती, ते ठरवणारा स्वॅपिनेस मुळात ६० असतो. तो १० करा, हा सल्ला सर्रास मिळतो. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. कर्नेल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो, आणि झेडरॅम असेल तर शंभराच्या वर ठेवण्यात अर्थ आहे.

कर्नेल स्वतः बांधणाऱ्यांनी बांधणीच्या पर्यायांच्या जुन्या याद्या डोळे मिटून वापरू नयेत. कर्नेलच्या आतल्या छोट्या रॅमवाटपाच्या तीन पद्धतींपैकी स्लॉब ६.४ मध्ये गेला, स्लॅब ६.८ मध्ये, आता स्लबच उरला, निवडायचं काही राहिलंच नाही. २०२२ साली ६.१ मध्ये आलेला, कोणती पेज आधी काढायची ते ठरवणारा मल्टी-जेन एलआरयू मात्र नीट तपासा: तो बांधणीत घेणं वेगळं आणि सुरू असणं वेगळं, दोन्हींना स्वतंत्र पर्याय आहेत. सारखी पेज एकत्र करणारं केएसएम हे प्रामुख्याने एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्यांचं काम, आपण पुढे जाऊ.

आणि लॅबमध्ये रॅम बघताना 'मेमफ्री' हा आकडा पाहून घाबरू नका. फायलींसाठी वापरलेली बरीचशी रॅम लागली तर लगेच परत मिळते. 'मेमअव्हेलेबल' बघा. तो पुरेसा असेल, तर आज सांगितलेल्यापैकी कशालाच हात लावू नका.