साठ पत्त्यांचा संसार

(गणेशोत्सवात जसोंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी "पत्ते" असं सांगितलं आणि बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. जागरणाच्या रात्री ज्या मांडवात मेंढीकोटाचा डाव बसत नाही, असा मांडव तापीच्या अल्याड-पल्याड मला कोणी दाखवावा. पण पत्ते मांडवामागे सतरंजीवर, व्यासपीठावर नाहीत, ही आपली रीत. तरी मी हट्ट धरला. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या चार-पाच घरांत याच पत्त्यांवरून वाद झाले आहेत. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. बाप म्हणतो, "सर, पोरगं जुगाराला लागलं." पोरगं म्हणतं, "सर, ह्यांना समजावून सांगा." आज दोघांनाही एकदमच सांगतो.

मुलं खेळतात तो खेळ पोकेमॉनचा. या जातीच्या खेळांची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक' नावाच्या खेळाने झाली. तो रचणारा रिचर्ड गारफील्ड हा गणितात डॉक्टरेट केलेला माणूस. पोकेमॉनचे पत्ते १९९६ मध्ये जपानात निघाले. कल्पना एकच. आपल्या मेंढीकोटात कॅट एक, बावन्न पत्त्यांचा, आणि तो सगळ्यांचा. पिसला, वाटला, तेरा पत्ते हातात आले की त्यात दश्शा किती, हुकूम किती, ते नशीब. इथे प्रत्येकाचा कॅट वेगळा. हजारो वेगवेगळे पत्ते छापलेले आहेत, त्यांतून आपले साठ निवडायचे आणि घरून बांधून आणायचे. समोरचा त्याचे साठ घेऊन येतो. म्हणजे पत्ते पिसण्याच्या कितीतरी आधी अर्धा डाव झालेला असतो.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅट बरोबर साठचा, एक कमी नाही की एक जास्त नाही. एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. फक्त साध्या 'ऊर्जा' पत्त्यांना ही मर्यादा नाही. सुरुवातीला सात पत्ते हातात घ्यायचे. सहा पत्ते न बघता बक्षिसं म्हणून बाजूला पालथे ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतला पत्ता उचलायचा, आणि ज्याची सहाही आधी उचलून झाली तो जिंकला. एका खेपेला हातातून एकच ऊर्जा लावता येते. बस. चारची मर्यादा मात्र उगाच आलेली नाही. मॅजिकमध्ये सुरुवातीला एकाच पत्त्याच्या वाटेल तेवढ्या प्रती घालता येत, आणि लोकांनी एकेका जबर पत्त्याने सगळा कॅट भरून खेळाची मजाच घालवली. तेव्हा १९९४ मध्ये स्पर्धांसाठी साठ आणि चार हे आकडे ठरले. ज्याच्याकडे पैसा त्याने बाजार उचलायचा, याला तेवढाच लगाम.

आता मुलं काय करतात? चारिझार्ड म्हणजे आग ओकणारा तो नारिंगी ड्रॅगन. प्रत्येकाला हवा. एका मुलाच्या कॅटमध्ये मी पाहिले, चारिझार्ड चार, आणि ज्याच्यापासून तो वाढतो तो चारमँडर एकच! चारमँडर, मग चारमेलियन, मग चारिझार्ड अशा पायऱ्या आहेत. पाया मांडल्याशिवाय कळस कुठे ठेवणार? चार चारिझार्ड हातात धरून पोरगं बसून राहायचं आणि पाच मिनिटांत हरायचं. मग म्हणायचं, नशीबच फुटकं.

नशीब किती आणि बांधणी किती, हे मोजता येतं. साठात चार प्रती असलेला पत्ता पहिल्या सातात निदान एकदा येण्याची शक्यता ४० टक्के आहे. एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांच्याही आत. म्हणजे ज्या पत्त्यावाचून आपला डाव सुरूच होत नाही, त्याच्या चार प्रती हव्यातच. त्याउलट जो शेवटी एकदाच लागतो, त्याच्या चार घातल्या तर सुरुवातीला तो हात अडवून बसतो. आणखी पाहा. पहिल्या सातात एकही पायाभूत पोकेमॉन नसेल तर हात दाखवून परत पिसावं लागतं आणि समोरच्याला एक पत्ता जादा उचलता येतो. कॅटमध्ये असे पायाभूत पत्ते आठ असतील तर ही नामुष्की सुमारे ३५ टक्के वेळा येते, बारा असतील तर १९ टक्के. चार पत्त्यांचा फरक, आणि नामुष्की जवळजवळ निम्मी. नववीच्या पोरांना मी हे गणित फळ्यावर घालून दिलं. पाठ्यपुस्तकातल्या लाल-निळ्या चेंडूंच्या उदाहरणांना जांभया देणारी हीच पोरं मधल्या सुट्टीत माझ्यामागे आली, "सर, दहाचं किती येईल?"

पालथ्या ठेवलेल्या सहा पत्त्यांचीही एक गोम आहे. साठातले सहा म्हणजे दहावा हिस्सा. ज्या पत्त्याची आपल्याकडे एकच प्रत आहे, तो दर दहा डावांत एकदा त्या सहांत अडकून पडणार. जाणता खेळाडू पहिल्यांदा गड्डीत शोधायची संधी मिळाली की हवा तो पत्ता काढतोच, शिवाय गड्डीत काय नाही हेही मनात टिपून घेतो. मेंढीकोटात इस्पिकची दश्शी अजून पडलेली नाही, हे ध्यानात ठेवणाऱ्या आपल्या आत्या-मावश्यांना यात नवं काही वाटणार नाही.

स्मरणशक्तीचं निघालं म्हणून गंजिफ्याबद्दल बोलतो, कारण पुढे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी हा शब्द तरी ऐकलेला असेल. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फज्लने 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन दिलं आहे. आपलं बुऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ठाणं होतं, आणि मोगली गंजिफा आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा. मराठी मुलखात सावंतवाडीला त्याचं दशावतारी रूप रुजलं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२० गोल पत्ते, लाखकाम केलेले. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला मरू दिली नाही म्हणून ते आजही तयार होतात. या खेळात निम्म्या रंगांत दहा मोठा, तर उरलेल्या रंगांत उलटी गणती, एक मोठा. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. एवढं सगळं डोक्यात ठेवून कोणता पत्ता पडला आणि कोणता राहिला याचा हिशेब करायचा. तेव्हा पत्त्यांनी बुद्धी गंजते असं कोणी म्हणालं, तर मी त्यांना १२० पत्त्यांचा एक डाव खेळून बघायला सांगीन.

परत साठांकडे येऊ. कॅट बांधणं सोपं, तो सुरात आणणं अवघड. तंबोऱ्यासारखंच आहे. चारही खुंट्या एकदम पिळल्या तर कोणती तार चुकली तेच कळत नाही. मुलं एक डाव हरली की रात्री दहा पत्ते बदलतात. मी नियम घातला, एका वेळी दोनच पत्ते बदला, आणि वही ठेवा. वहीत हार-जीत तर लिहायचीच, पण शेवटी हातात कोणता पत्ता पडून राहिला, कोणत्या खेपेला करण्यासारखं काहीच नव्हतं, पहिली खेळी आपली होती की समोरच्याची, हेही लिहायचं. महिनाभराने वही बोलायला लागते. एका मुलीच्या वहीत एकाच पत्त्यापुढे अकरा वेळा "पडून राहिला" असं निघालं. तो तिचा सगळ्यात आवडता पत्ता होता. तिने तो काढला, पण दोन दिवस रुसून.

आणि थोडक्या डावांवर विश्वास ठेवू नका. एक नाणं दहा वेळा उडवा. सात किंवा त्याहून जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता १७ टक्के असते. म्हणजे दहापैकी सात डाव जिंकले म्हणून कॅट चांगला झाला असं नाही, नुसतं नाणंही तेवढं करून दाखवतं. पन्नास डाव खेळा, मग बोला.

यापुढचा भाग शेतकऱ्याच्या पोराला शहरातल्या पोरापेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. आपला कॅट एकट्यात चांगला की वाईट याला अर्थ नाही, बाकीचे काय घेऊन येणार यावर ते ठरतं. आगीच्या बहुतेक पोकेमॉनना पाण्याचा मार दुप्पट बसतो. स्पर्धेत निम्मी पोरं आग घेऊन येणार असतील तर पाणीवाल्याची चांदी. पण सगळ्यांनीच हा विचार करून पाणी आणलं तर? मी हे विचारल्यावर केळीच्या बागेत बापाबरोबर राबणारा एक मुलगा पटकन म्हणाला, "सगळ्यांचे घड एकाच आठवड्यात कापणीला आले की भाव पडतो, तसंच ना सर?" अगदी तसंच. यावर मी आणखी काय शिकवणार!

हाच मुलगा आज आपल्या गावातला सगळ्यात चांगला खेळाडू आहे, आणि त्याच्याकडे खरे पत्ते नऊ आहेत. बाकी एक्कावन्न कागदाचे. जुन्या, फाटक्या कॅटमधल्या पत्त्यांवर वहीचा कागद चिकटवून त्याने नावं आणि नियम हाताने लिहून काढलेत. सरावाला तेवढं पुरतं. अधिकृत स्पर्धेत मात्र असे पत्ते चालत नाहीत, खरेच लागतात.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि पालकांचा राग कुठे रास्त आहे ते सांगतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात म्हटलं. पडलेले पत्ते लक्षात ठेवणं, कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवणं, यात कसब लागतं म्हणून. खेळाच्या आडून कोणी नफा कमावू लागला तर गोष्ट वेगळी, असंही त्याच निकालात आहे. ही पोरं पैसे लावून खेळत नाहीत. पण बंद पाकीट विकत घेणं, हे माझ्या मते सोडतीचं तिकीट घेण्याच्या फार जवळ जातं. आत काय निघेल ते माहीत नाही, निघाला तर चमकणारा चारिझार्ड, नाहीतर घरी आधीच पडलेले दहा. ही पाकिटं फोडण्याची चटक खेळाची नाही, ती वेगळी आहे, आणि ती बापाने मोडलीच पाहिजे.

कॅट बांधायचा तर हवे तेवढेच पत्ते सुटे घ्यावेत. तेही साधे. एकाच पत्त्याची चमकती, नक्षीची, महागडी आवृत्ती आणि साधी आवृत्ती खेळात अगदी सारखीच चालते, मार एकाचाही जास्त बसत नाही. आणि जत्रेत, खेळण्यांच्या दुकानांत सोनेरी पत्र्यासारखे जे पत्ते मिळतात ते नकली असतात. स्पर्धेत ते टेबलावर ठेवूच देत नाहीत. ज्यांच्या घरी असा डबा भरलेला आहे त्यांनी तो देखाव्यात वापरायला द्यावा, मखराला छान दिसेल. आणखी एक खर्चाची गोष्ट. स्पर्धेच्या मुख्य प्रकारात जुने पत्ते ठरावीक काळाने बाद होत जातात. आज घेतलेला कॅट तीन वर्षांनी तसाच चालेल असं नाही. हे आधी माहीत असावं.

म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे, आणि तो मी अध्यक्षांना लेखीही दिला आहे. वाचनालयाच्या कपाटाचा एक कप्पा पत्त्यांना द्यावा. ज्यांच्याकडे जास्तीचे खरे पत्ते आहेत त्यांनी ते तिथे जमा करावेत, वाचनालयाच्या पुस्तकांसारखी नोंद करून. उसने घेतलेले पत्ते स्पर्धेत चालतात, खरे असले म्हणजे झालं. माझ्या हिशेबाने आपल्या घराघरांत पडलेल्या पत्त्यांतून दोन पुरते कॅट उभे राहतात, तिसऱ्याला एकवीस पत्ते कमी पडतात. त्या एकवीसांची यादी मी फलकावर लावली आहे. त्यातले सोळा अगदी साधे, स्वस्त आहेत. उरलेल्या पाचांसाठी आरतीच्या ताटाला हात लावायचा नाही, ते पैसे मी आणि आमचे दोन सहकारी शिक्षक घालतो.

इंदूरला स्पर्धा असली की तीन मुलं न्यायची, असा विचार आहे. सकाळी निघून रात्री परत. त्या केळीच्या बागेतल्या मुलाच्या वडिलांशी मी दोनदा बोललो. त्यांचं म्हणणं, कापणीचा दिवस असेल तर पोरगं देणार नाही. ते बरोबर आहे, मी तारीख बघून सांगीन. आज ते मागे खांबापाशी उभे आहेत. आप्पा, आता सगळ्यांसमोर विचारतो, कापणी नसेल तर देणार ना?

विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या ओट्यावर बसू. साठ पत्ते, खरे किंवा कागदाचे, आणि एक वही प्रत्येकाने आणायची. मोठ्यांपैकी कोणाला यायचं असेल तर त्यांनी मेंढीकोटाचा कॅट बरोबर आणावा, पोरांना तोही शिकायचा आहे.