खर्चाच्या कागदावर न चढलेले मजूर



उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला आपण आंदोलनात शिकलो. बियाणे, खत, औषध, बैलजोडी, घरच्या माणसांची मजुरी, जमिनीचा खंडसुद्धा. पण शेतात आणखी एक मजूर राबतो. त्याची नोंद ना सरकारी आयोगाच्या कागदावर, ना आपल्या वहीत.

कपाशीचे पान उलटून पाहा. मावा खाणारा ढालकिडा दिसेल, क्रायसोपाची अळी दिसेल. टाचणीच्या डोक्याहून लहान असा ट्रायकोग्रामा बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. अळी जन्मतच नाही. हे काम फुकट होते, म्हणून आपण त्याची किंमत शून्य धरली.

खरी किंमत हा मजूर गेल्यावर कळते. सुरुवातीलाच जहाल औषध मारले की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी मोकाट वाढते. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. मारलेल्या मजुराची मजुरी आपण दुकानदाराला देतो. 2017 साली बोंडअळी बीटीला जुमानेना, फवारण्या वाढल्या आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने किमान 20 शेतकरी-शेतमजूर गेले.

'कीड दिसली की फवारा' असे सांगणाऱ्यांत आम्ही शेतकीचे पदवीधरही होतो. ती चूक कबूल करतो.

मग करायचे काय? कपाशीच्या कडेने ज्वारी लावा, आत चवळीची ओळ. ज्वारीवरचा मावा वेगळा. त्यावर वाढलेले ढालकिडे कपाशीत उतरतात. ज्वारीच्या ताटावर बसणारी पाखरे अळ्या टिपतात. फवारणीआधी 20 झाडांची प्रत्येकी 3 पाने मोजा. पानामागे सरासरी 2 तुडतुडेही नसतील, तर त्यांच्यासाठी पंप उचलू नका. गरज पडलीच तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क.

कोणी म्हणेल, खर्च घटला, आता भावही घटवू. त्यांना आपण ठणकावून सांगू: बांधावरचे झाड आणि त्यावरचे पाखरू आम्ही राखतो, त्या राखणीचेही दाम धरा. पण दाम मागायचे तर आधी हिशेब हवा. यंदा वहीत एक रकाना आखा: 'न केलेली फवारणी'. औषधाचे किती वाचले, मजुरी किती वाचली, बोंडे किती किडली, सारे खरे लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या.