पुन्हा नदीवर

नाथांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पैठणला गोदावरीत स्नान करून नाथ महाराज घाट चढले, की वर बसलेला एक जण अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीवर. वर आले, परत थुंकला. 108 वेळा, असं परंपरा सांगते. शेवटी थुंकणारा दमला, पाया पडला. नाथ म्हणतात, अरे, तुझ्यामुळे आज इतकी गोदास्नानं घडली!

आता तुमच्या घरात या. पोरगं बारावीला नापास झालं. रसायनशास्त्रात 35 पडले नाहीत. जुलैत पुरवणी परीक्षा दिली, तिथंही राहिलं. म्हणजे आता फेब्रुवारीपर्यंत थांबणं आलं. पोरगं तयार आहे हो पुन्हा नदीवर जायला! पण घाटावर कोण बसलंय? काका विचारतो, "अजून बारावीच का रे?" आई शेजारच्या मुलीचे मार्क सांगते. आणि बाप? बाप बोलतच नाही. पोरगं जेवायला बसलं की हा ताटावरून उठतो. थुंकणं याहून वेगळं काय असतं? विठ्ठल विठ्ठल!

पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची. पोरं हसत म्हणायची, ऑक्टोबरची वारी. हसण्यावारी नेऊ नका, वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणंच की! आषाढीला निघालेल्या माळकऱ्याला आपण म्हणतो का, गेल्या साली जाऊन आलास ना, मग परत कशाला?

कीर्तन संपल्यावर घरी जाल. पोरगं जागं असेल. जेवलास का, एवढं विचारा.