भंडारदऱ्याचा मुक्काम : चार मोसम, चार धडे



मागच्या भागात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल आणि थकलेल्या हप्त्यांबद्दल बोललो. आज जरा मोकळं बोलू. आजचा विषय आहे मुक्कामी सहल. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची देवदर्शनाची सहल आपल्याला ठाऊक आहे. घर भाड्यानं घेऊन दोन रात्री राहायचं, सकाळी उठल्यावर चुलीकडे धावायचं नाही, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींनी केली आहे? आमच्या गटातल्या अकरा जणींपैकी एकीनंही केलेली नव्हती.

आम्ही प्रवरेच्या कालव्याखालच्या. दर पावसाळ्यात आमच्याकडे एकच प्रश्न असतो, ‘भंडारदरा किती भरलं?’ त्यावर उसाचं आवर्तन ठरतं, त्यावर घरातल्या माणसांचं तोंड हसरं की आंबट हे ठरतं. धरण भरलं की गावातले पुरुष गाड्या काढून बघायला जातात. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी ६४ वर्षांच्या. जन्मभर त्यांनी भंडारदऱ्याचं पाणी शेताला दिलं, पण भंडारदरा पाहिलं नव्हतं. मासिक बैठकीत त्या एकदा म्हणाल्या, “मेल्यावर राख प्रवरेत जाईलच, पण जिवंतपणी ती कुठून येते ते तर दाखवा.” सगळ्या हसलो. आणि तिथंच ठराव लिहिला.

पहिला प्रश्न अर्थात पैशाचा. आम्ही दरमहा १०० रुपयांची सहलीची वेगळी बचत सुरू केली. मैत्रिणींनो, हे पैसे गटाच्या कर्जाच्या पैशात मिसळू नका. आमच्यातल्या एकीचे तेव्हा तीन हप्ते थकले होते. दोघी म्हणाल्या, “आधी हप्ते भर, मग हिंडायला चल.” बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की कर्जाचा हिशेब कर्जाच्या वहीत आणि सहलीचा सहलीच्या वहीत. तिनं सहलीचे शंभर दरमहा दिले होते, तेव्हा ती येणार. ती आली. हप्तेही पुढे फिटले.

आता जागेविषयी. भंडारदरा अकोले तालुक्यात आहे, विदर्भातल्या अकोल्यात नव्हे. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. धरणाला विल्सन धरण म्हणतात. पाणलोटाच्या भोवती सह्याद्रीचे डोंगर आहेत, आणि कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, तिथून जवळच. धरणाजवळचं बाजाराचं गाव म्हणजे शेंडी. जलाशयाला वळसा घालून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं लागतात. या सगळ्या पट्ट्यात भाड्याची घरं, घरगुती खोल्या आणि तंबू मिळतात. संगमनेर, अकोले, राजूर करत एसटीनं जाता येतं आणि साध्या एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे. मुंबईकडच्या बायकांना इगतपुरी स्टेशन सोयीचं.

शाळेत आपण ऋतू तीन शिकलो. तिथं मुक्कामाला जायचं तर मोसम चार धरा : भर पाऊस, ओसरता पाऊस, थंडी आणि काजवे. आम्ही तीन वर्षांत चारही वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी काहीतरी चुकलं आणि पुढच्या वेळी ते सुधारलं. तेच आज सांगतो.

पहिल्यांदा गेलो भर पावसात, ऑगस्टमध्ये. एकीच्या मुलानं मोबाइलवर घराचा फोटो दाखवला. पुढे अंगण, मागे डोंगर, ‘स्वयंपाकघरासह पूर्ण घर’. आम्हाला वाटलं, स्वयंपाकघर आहे म्हणजे स्वस्तात भागेल. पीठ, डाळ, मसाला, सगळं घरून नेलं. झालं काय? दोन शेगड्या आणि अकरा जणींचं जेवण. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-पिठलं, संध्याकाळी खिचडी. मधल्या वेळात भांडी. रंधा धबधबा बघायला निघालो तेव्हा चौघी म्हणाल्या, “तुम्ही जा, आम्ही रात्रीचं बघतो.” घर सोडून गेलो आणि दुसऱ्या घरात जाऊन तेच काम केलं!

पण खरी चूक याहून मोठी होती. ती रात्री कळली. संडास घराबाहेर, चौदा पायऱ्या उतरून. पायऱ्यांवर शेवाळ, वर धो धो पाऊस आणि वीज गेलेली. आमच्या मावशींचे गुडघे दुखतात. रात्री त्यांचे ओठ सुकलेले दिसले म्हणून पाणी पुढे केलं तर नको म्हणाल्या. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की दुपारपासून त्या पाणीच प्यायल्या नव्हत्या. रात्री उठावं लागू नये म्हणून. जिच्या इच्छेखातर आम्ही गेलो, ती त्या एवढ्या पाण्याच्या काठी तहानलेली बसली होती. दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली नेलं आणि मग तिनं तांब्याभर पाणी प्यायलं. त्या रात्री आमच्यापैकी कुणाला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे. घर निवडताना जिला सगळ्यात कठीण जाईल तिच्यापासून सुरुवात करायची. फोटो नंतर. फोनवर आम्ही आता इतकं विचारतो : संडास घरात आहे की बाहेर, बैठा आहे की खुर्चीसारखा? किती पायऱ्या? गाडी दारापर्यंत येते का? दारांना आतून कडी आहे का? गाद्या किती आणि पांघरुणं किती? अंघोळीला गरम पाणी कसं मिळतं? वीज गेली तर काय सोय? शेजारच्या घरात किंवा तंबूत त्या दिवशी कोण आहे? पिऊन गोंधळ घालणारी टोळी शेजारी असेल तर चांगलं घरही वाया जातं. शक्यतो घरातल्या बाईशीच बोला. ती पायऱ्या बरोबर मोजून सांगते, कारण ती रोज चढते.

भर पावसाचं आणखी एक. शनिवार-रविवार टाळा. धबधब्यांच्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. मंगळवारी, बुधवारी जा. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस फार. रस्त्यावर दरड आली किंवा पाणी आलं तर येणं रद्द होऊ शकतं. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा, की पावसानं आलो नाही तर पैसे परत की पुढची तारीख? उत्तर मोबाइलवर लिहून घ्या. धरणाजवळचा अंब्रेला धबधबा नुसत्या पावसानं पडत नाही, धरणातून पाणी सोडलं तरच पडतो. तेही आधी विचारावं, नाहीतर कोरडा कातळ बघून परत यावं लागतं. आणि पाण्याच्या कडेला फोटोसाठी उतरू नका. निसरड्या दगडाला आपलं वय कळत नाही.

दुसऱ्यांदा गेलो ओसरत्या पावसात, सप्टेंबरच्या शेवटी. आमच्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांनी हाच मोसम धरावा. डोंगर हिरवे असतात, सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरलेले असतात, भातखाचरं पोटरीला आलेली असतात, आणि रस्ते मोकळे. धरणही बहुधा भरलेलं असतं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहायला हीच वेळ चांगली. जुनं दगडी कोरीवकाम, शेजारी पुष्करणी, मागे रतनगड. या वेळी संडास घरात होता. जेवण घरमालकिणीकडून ताटावर ठरवलं. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, इंद्रायणी भात. मावशी ताटावर बसल्या, आणि दुसरी भाकरी त्यांना आणून कुणीतरी वाढली, तेव्हा त्या म्हणाल्या, “सून म्हणून आल्यापासून मला पहिल्या पंगतीला बसवलेलं आठवत नाही.”

यात हिशेब समजून घ्या. ताटामागे पैसे जास्त जातात असं वाटतं. पण घरून नेलेलं सामान, गॅसचा आकार आणि आपले दोन दिवस, हे सगळं धरलं तर फरक फार उरत नाही. आणि आपले दोन दिवस हाच तर सगळा खर्च आहे!

तिसऱ्यांदा थंडीत, जानेवारीत. पाण्यावर सकाळी धुकं असतं, रात्री पाण्याकाठी गारठा बोचतो. गुळगुळीत शाली नेऊ नका, जाड गोधडी किंवा स्वेटर न्या, कानटोपी न्या. तंबू दिसायला छान, पण ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांनी भिंतींचं घरच घ्यावं. या मोसमात आमच्यातल्या चौघी बारी गावातून कळसूबाई चढल्या. पहाटे निघाल्या, लोखंडी शिड्या चढून देवीपर्यंत गेल्या आणि दुपारी परत आल्या. सातजणी पाण्याकाठी उन्हात बसून राहिलो. कुणी कुणाला ‘चल चल’ केलं नाही. सहलीत सगळ्यांनी सगळं केलंच पाहिजे असं नसतं. साम्रदची सांदण दरीही याच दिवसांत बघतात, पण तिथं दगडांवरून चढउतार आहे आणि पावसाळ्यात तर तिथं जाऊच नये.

चौथ्यांदा गेलो काजवे बघायला, मेच्या शेवटी. पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे काजव्यांचे. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं चमकतात, विझतात, पुन्हा चमकतात. ही त्यांची जोडीदार शोधायची भाषा आहे. बॅटरीचा झोत आणि मोबाइलचा प्रकाश मारला की ती भाषा तुटते. हे अभयारण्य आहे. वनखात्याचे नाके असतात, प्रवेशाचे पैसे आणि वेळा ठरलेल्या असतात. निघण्याआधी त्या वर्षीचे नियम विचारून घ्या. खोल्यांचे भाव या दिवसांत सगळ्यात चढे असतात, म्हणून महिनाभर आधी ठरवा. आणि चप्पल नको, बूट घाला. अंधारात पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

पण त्या मुक्कामातलं मनात राहिलं ते वेगळंच. ज्या ताईंच्या घरी उतरलो त्यांनी रात्री विचारलं, “कुठल्या तुम्ही?” आम्ही गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे कालव्याच्या. आमचं पाणी तुमच्याकडं येतं.” रागानं नाही म्हणाल्या, ओळख पटावी तसं म्हणाल्या. पहाटे जाग आली तर त्यांची सून दोन हंडे घेऊन विहिरीकडून चढ चढत होती. धरण समोर दिसत होतं, बरंच खाली गेलेलं. आणि आम्ही अकरा जणी आदल्या संध्याकाळी बादल्या भरभरून अंघोळी करून बसलो होतो! ते पाणी कुणाच्या डोक्यावरून आलं हे विचारलंच नव्हतं.

त्या सकाळी आम्ही ओल्या टॉवेलनं अंग पुसून निघालो. हंडे आणायला आमच्यातल्या तिघी सुनेबरोबर गेल्या. अर्ध्या वाटेत त्यांना दोनदा थांबावं लागलं. निघताना एकीनं सवयीनं म्हटलं, “ताई, काही कमी करा ना.” मावशींनी तिचा हात दाबला. ठरलेले पैसे पूर्ण दिले.

ताईंनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगतो. काजव्यांच्या आणि धबधब्यांच्या शनिवार-रविवारी त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि बाकीचे कितीतरी आठवडे खोली रिकामी. खोलीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. हप्ता म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. म्हणून आम्ही आता सप्टेंबरात किंवा जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी जातो. आपल्याला घर स्वस्त आणि निवांत मिळतं, आणि त्यांचा एक हप्ता निघतो.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. सहलीची वेगळी वही उघडा. मोसम ठरवा. आपल्यात सगळ्यात अवघड कुणाला जाईल ते विचारा आणि तिच्या सोयीचं घर शोधा. जेवण ताटावर ठरवा. औषधं, बॅटरी आणि रोख पैसे सोबत ठेवा, कारण तिथं मोबाइलला रेंज असेलच असं नाही. आणि पाणी विचारून वापरा.

यंदाही ऑगस्टमध्ये भंडारदरा भरल्याची बातमी आली. घरात सगळे खूश झाले. आमच्या मावशींनी मात्र फोन लावायला सांगितला आणि त्या ताईंना विचारलं, “तुमच्या विहिरीला पाणी आलं का?” आलं होतं. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. सप्टेंबरची तारीख त्याच फोनवर ठरली.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.