आत्ता निघावं, का सकाळी?

रात्री दहानंतर आम्हा डॉक्टरांना येणाऱ्या फोनांत एक प्रश्न हटकून असतो. "डॉक्टर, आत्ता निघावं, का सकाळी?" भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यात त्याच्या जोडीला दुसराही येतो : निघायचं तर कुठं? उदगीर, लातूर, सोलापूर, बिदर, कलबुर्गी, हैदराबाद. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी यांतल्या एखाद्या गावी राहतं, आणि त्याच्या ओळखीचा एक चांगला डॉक्टर असतो. मग पाव्हण्यांचे फोन सुरू होतात. हा म्हणतो सोलापूरला आणा, तो म्हणतो हैदराबादशिवाय इलाज नाही. पेशंट तोवर खाटेवरच असतो.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. दुखणं जिवावरचं वाटत असेल तर पहिला मुक्काम आपल्या तालुक्याचा सरकारी दवाखाना. आधी दुखण्याचं नाव कळू द्या, पहिलं औषध अंगात जाऊ द्या, मग हवं त्या शहराला न्या.

छातीत दुखू लागलं की आपल्याकडं पहिला आळ जेवणावर येतो. वांग्याची भाजी बाधली, शेंगदाण्याची चटणी जास्त झाली, पित्त झालं, गॅस धरला. मग सोडा, ओवा, पित्ताची गोळी आणि पाठ चोळणं. यात दोन तास सहज जातात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकलेली असते आणि तिच्या पलीकडचा स्नायू रक्ताविना मरत असतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. ते पहिल्या एक-दोन तासांत मिळालं तर हृदय बरंचसं वाचतं. जसजसा उशीर होतो तसतसा फायदा कमी होतो आणि बारा तासांनंतर जवळपास काहीच उरत नाही.

हे इंजेक्शन घ्यायला बेंगळुरूला जावं लागतं असं अजूनही पुष्कळांना वाटतं. कन्नड चित्रपटांतले लाडके नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६व्या वर्षी अचानक हृदयविकारानं गेले. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये 'हृदय ज्योती' योजना सुरू केली. योजनेतल्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढतात, तो जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रात लगेच पाहिला जातो, आणि अटॅक आहे असं ठरलं तर टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन तिथल्या तिथं फुकट देतात. बाजारात त्याला हजारो रुपये पडतात. जयदेवचं रुग्णालय आता कलबुर्गीतही आहे, त्यामुळं पुढची अँजिओप्लास्टी तिथं होऊ शकते. आपला तालुका दवाखाना या योजनेत आहे का, ते धडधाकट असताना, बाजारला गेलात की विचारून ठेवा.

दुखणं ओळखायचं कसं? छातीच्या मधोमध कुणी दाबून धरल्यासारखं वाटतं, कळ डाव्या हाताकडं, जबड्याकडं किंवा पाठीत जाते, घाम फुटतो, आणि पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ बसूनही ते थांबत नाही. साखरेच्या पेशंटला आणि बायकांना मात्र अशी ठसठशीत कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, घामानं लुगडं भिजतं, दोन पावलं चालवत नाही. "जळजळ आहे, होईल कमी" म्हणत रात्र काढलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, म्हणून हे दोनदा सांगते. ईसीजीला पाच मिनिटं लागतात. पहिला ईसीजी चांगला आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर थोड्या वेळानं दुसरा काढायला सांगा. दुखणं निव्वळ गॅसचं निघालं तर घरी परत या. कुणी डॉक्टर तुम्हाला हसणार नाही.

आता सापाबद्दल. हा तुरीचा मुलूख आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच तुरीत, सोयाबीनमध्ये, रात्री पाणी देताना बांधावर नाग आणि घोणस भेटतात. पायाला चावा, सूज, आग, हे सगळं दिसतं, म्हणून निदान धावपळ तरी होते. मला जास्त भीती वाटते ती मण्यारीची. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही आणि खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घसा धरतो. घरचे अपचन समजून लिंबूपाणी देतात. तास-दोन तासांत पापण्या जड होतात, जीभ अडखळते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याचे डोळे मिटायला लागले, तर साप दिसला नसला तरी मण्यारच धरून चाला आणि त्याच मिनिटाला निघा. श्वास थांबला तरी कृत्रिम श्वासावर ठेवता येतो आणि तो माणूस चालत घरी येऊ शकतो. पण तो दवाखान्यात असला तर.

चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका, घट्ट दोरी बांधू नका. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढा. पाय हलू नये म्हणून काठीला सैल बांधा. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर प्रतिविष एकच आहे. मंत्र टाकणाऱ्याकडं जायची श्रद्धा असेल त्यांच्याशी मी वाद घालत नाही. प्रतिविष दिल्यावर मंत्र टाकणाऱ्याला दवाखान्यात बोलवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकनं सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आहे, तेव्हा प्रत्येक दंश आता सरकारदरबारी लिहिला गेला पाहिजे. विंचवालाही हलकं घेऊ नका. चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर तो साधा विंचू नव्हे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही स्वस्त गोळी अशा पेशंटना देऊन कितीतरी जीव वाचवले. मूळचे ते आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याचे.

जवळचा दवाखाना, हा माझा नियम एका दुखण्यात मी स्वतःच मोडते. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं. आपण म्हणतो अंगावरून वारं गेलं, लकवा मारला. इथं सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा. लकवा गुठळीमुळं झाला की रक्त सांडल्यामुळं, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचा उपचार एकदम उलटा आहे. गुठळीवरचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बिदरचं ब्रिम्स किंवा कलबुर्गीचं जिम्स, जे जवळ पडेल ते. कबुतराचं रक्त चोळत बसलात की ते साडेचार तास संपले.

शहरांमधल्या या ने-आणीबद्दल बोलताना मला २०२० चा मार्च आठवतो. देशातला करोनाचा पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीचा. सौदी अरेबियाहून परतलेले ७६ वर्षांचे गृहस्थ. कलबुर्गीहून त्यांना हैदराबादला नेलं, तिथून परत आणताना १० मार्चला वाटेतच ते गेले. आजाराचं नाव पक्कं झालं ते १२ मार्चला. त्या घराला मी कणभरही दोष देत नाही. तो आजार तेव्हा जगालाच नवा होता. पण आजाराचं नाव कळायच्या आत माणूस रस्त्यावरच राहतो, ही आपल्या भागाची जुनी दुखरी जागा आहे.

साध्या तापाला मात्र एवढी धावाधाव नको. सर्दी-खोकल्याच्या तापात पहिले दोन-तीन दिवस पॅरासिटामॉल, पाणी, पेज, विश्रांती पुरते. "एक सलाईन लावा, अंगात ताकद येईल" हा आग्रह सोडा. तोंडानं पिता येत असेल तर सलाईननं काही जास्तीचं मिळत नाही. डेंग्यूत एक गोष्ट उलटी असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे सुटलो म्हणतात, आणि धोका खरा तेव्हाच सुरू होतो. ताप उतरल्यावर पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, तर रात्र असली तरी निघा. दुकानातून अंगदुखीची कसलीही गोळी आणून देऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

लेकरू खोकत असेल तर ते शांत असताना एक पूर्ण मिनिट त्याचा श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या आतल्याला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्याला ४० किंवा जास्त असेल, किंवा पोट उडत असेल, तर तो न्यूमोनिया समजा. डाग देऊ नका, बिब्बा लावू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा. हगवणीत ओआरएस पाजत राहा. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, लेकरू पीत नाही, तर थांबू नका.

१०८ ला फोन लावला की आधी जिल्हा सांगा, मग तालुका, मग गाव. सीमेवर याचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. आधार, रेशन कार्ड, जुने ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत खुंटीला टांगून ठेवा. कर्नाटकचं आरोग्य कार्ड आहे. महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये आपली महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं. कोणतं कार्ड कुठं चालतं ते निवांतपणी विचारून घ्या. मध्यरात्री गाडीची दिशा कार्डावरून ठरवू नका.

शेवटी बाळंतपणाविषयी बोलते. आपल्याकडचे कितीतरी कर्ते पुरुष पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामावर असतात. सून घरी, सासू घरी, आणि दवाखान्यात न्यायचं का हे फोनवर ठरायचं. त्याचा फोन लागत नाही, साइटवर असतो. इकडं तिचं डोकं फुटायची वेळ आलेली असते, डोळ्यांपुढं अंधारी येते, हातापायावर, तोंडावर सूज असते. हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण आहे आणि यातूनच पुढं झटके येतात. रक्त जाणं, पाणी जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही झालं तरी नवऱ्याचा होकार यायची वाट बघायची नाही. सातवा महिना लागला की घरात बसून ठरवा : गाडी कुणाची, पैसे कुठं ठेवलेत, रक्त लागलं तर कोण देणार. आणि "चला" म्हणायचा हक्क सासूला आहे, आशाताईला आहे, त्या पोरीला स्वतःलाही आहे, हे नवऱ्यानं सगळ्यांसमोर बोलून दाखवावं.