संगणकीय संकट आणि राज्यशासनाचे आपत्कालीन अधिकार
(व्याख्यानाचा मजकूर)



महापूर, वादळ किंवा साथीचा रोग उद्भवला की राज्यशासन आपले आपत्कालीन अधिकार वापरते, हे ग्रामस्थांना चांगले परिचित आहे. परंतु ज्या संकटात एक थेंब पाणी चढत नाही, एकही छप्पर उडत नाही, आणि तरीही कचेरीचे सारे व्यवहार एका रात्रीत थंडावतात, त्याला आपत्ती म्हणावे काय? अमेरिकेतील घटकराज्यांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांनी दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे.

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी कोलोरॅडो राज्याच्या परिवहन खात्यातील संगणकांवर ‘सॅमसॅम’ नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही खंडणीखोर आज्ञावली संगणकातील माहिती जणू कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. खात्याला सुमारे २,००० संगणक बंद ठेवावे लागले. रस्त्यांवरील वाहतुकीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मात्र या हल्ल्यातून सुरक्षित राहिली. आठवडाभराने या आज्ञावलीने पुन्हा डोके वर काढले. तेव्हा गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी १ मार्च रोजी आणीबाणी जाहीर करून ‘नॅशनल गार्ड’ या राखीव दलातील संगणकतज्ज्ञांना पाचारण केले. खंडणी देण्यात आली नाही. राखून ठेवलेल्या प्रतींच्या आधारे काही आठवड्यांत बहुतेक कामकाज पूर्ववत झाले.

‘आणीबाणी’ हा शब्द ऐकताच भारतीय मनाला १९७५ सालचे स्मरण होते. ती राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखालील राष्ट्रीय आणीबाणी होती आणि तिच्या काळात नागरिकांचे मूलभूत हक्क संकुचित झाले. येथे वर्णिलेली घोषणा निराळ्या जातीची आहे. तिचा रोख नागरिकांवर नसून शासनाच्या स्वतःच्या यंत्रणेवर आहे. एका खात्याचे मनुष्यबळ दुसऱ्या खात्याला देणे, राखीव दलाला बोलावणे आणि तातडीची खरेदी नेहमीच्या विलंबाशिवाय करणे, हे तिचे मुख्य कार्य होय.

या अधिकाराचा खरा उपयोग लहान संस्थांना होतो. जुलै २०१९ मध्ये लुईझियाना राज्यातील सॅबीन, मोरहाउस आणि वॉशिटा या भागांतील शाळांच्या संगणकांवर हल्ले झाले. शाळेच्या लिपिकाने किंवा मुख्याध्यापकाने अशा शत्रूशी एकट्याने झुंजावे, ही अपेक्षा व्यर्थ होय. गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी २४ जुलै रोजी राज्यव्यापी आणीबाणी घोषित केली. त्यामुळे नॅशनल गार्ड, राज्य पोलीस आणि राज्याचा तंत्रज्ञान विभाग यांचे साह्य शाळांना मिळू शकले. या राज्याने संगणक सुरक्षेसाठी आयोग २०१७ मध्येच नेमला होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ त्यामुळे आली नाही.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला टेक्सास राज्यातील २२ स्थानिक संस्था एकाच दिवशी अशा हल्ल्याच्या तडाख्यात सापडल्या. त्यांपैकी बहुतेक लहान होत्या. राज्याच्या आपत्ती केंद्रातून सूत्रे हलली, तज्ज्ञांची पथके गावोगाव पोहोचली आणि सुमारे आठवड्याभरात हल्ला आटोक्यात आला.

तथापि अधिकार कितीही उपयुक्त असला तरी त्याला कुंपण हवेच. लुईझियानाच्या घोषणेस सुमारे चार आठवड्यांची मुदत होती. मुदत, कारणाचा स्पष्ट उल्लेख आणि नंतरचा जाहीर हिशेब या तीन गोष्टी असल्या, तरच आपत्कालीन सत्ता लोकांच्या विश्वासास पात्र ठरते. कोलोरॅडो शासनाने घटनेनंतर आपल्या त्रुटींचा अहवाल प्रसिद्ध केला, ही गोष्ट अनुकरणीय आहे.

भारतात पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे आहेत, तर संगणकीय हल्ल्यांच्या प्रतिकाराची राष्ट्रीय संस्था ‘सर्ट-इन’ ही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये काम करते. तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांनी अशा गंभीर घटनांची खबर सहा तासांच्या आत द्यावयाची असते. अब्रूच्या भीतीने कचेरीने घटना दडवून ठेवली, तर मदतीचा बहुमोल वेळ वाया जातो. नागरिकाची आर्थिक फसवणूक झाल्यास त्यानेही १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

गावाचा सातबारा, शाळेचा दाखला आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन आज संगणकावर विसंबून आहे. त्या माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग राखणे, ती अधूनमधून तपासून पाहणे आणि संकटात कोणास कळवायचे हे आधीच ठरविणे, ही कर्तव्ये प्रत्येक कार्यालयाने व शाळेने पार पाडली पाहिजेत. राज्याची आपत्कालीन सत्ता मदतीला धावून येऊ शकते. परंतु जी प्रत कोणी राखलीच नाही, ती सत्तेला निर्माण करता येत नाही.