डोमकळी आधी कोणाला दिसते?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकात माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'प्रसारमाध्यमे आणि स्त्रिया'. तो वाचून मागच्या बाजूचे दोन-तीन जण चहाला उठले, ते मी पाहिलं. त्यांचा चहा होऊ द्या. मी शेतीची पदवी घेतलेली बाई आहे, तेव्हा सुरुवात कपाशीपासूनच करते.

गुलाबी बोंडअळीची पहिली खूण बोंडात दिसत नाही, फुलात दिसते. अळी पाकळ्या आतून जाळ्यानं बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, कामगंध सापळे लावायचे, रोज किती पतंग पडतात ते मोजायचं. एकदा अळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते इथं कोणाला सांगायला नको.

आता मला सांगा, डोमकळी आधी कोणाला दिसते? जी निंदणाला दिवसभर तासात वाकलेली असते तिला. पुढे वेचणीला कवडी कापूस आधी कोणाच्या हाताला लागतो? तिच्याच. आणि कृषी खात्याचा, हवामानाचा, बोंडअळीचा संदेश कोणाच्या फोनवर येतो? ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या. तो फोन त्या वेळी मालकाच्या खिशात बसून तालुक्याला गेलेला असतो. जिला दिसतं तिला सांगितलं जात नाही, ज्याला सांगितलं जातं त्याला दिसत नाही. यात नुकसान बाईचं एकटीचं नाही, पिकाचं आहे. म्हणून मी म्हणते, हा विषय बायांच्या कोपऱ्यातला नाही.

ही वाटणी आजची नाही. आकाशवाणीच्या शेती कार्यक्रमांनी हरितक्रांतीच्या काळात नवी वाणं आणि खताच्या मात्रा गावोगाव पोचवल्या, ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण ते बोलणं असायचं शेतकरी बंधूंशी. बायांसाठी मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' वेगळं. शेतीचा कार्यक्रम बाप्यांचा, वनिता मंडळ घरात बसणाऱ्या बाईचं. जी शेतात राबते ती या दोन कार्यक्रमांच्या मधल्या बांधावर उभी. तिच्यासाठी कोणतंच स्टेशन नव्हतं.

आणि वर्तमानपत्राचा कॅमेरा आपल्या दारात केव्हा येतो? ८ मार्चला येतो, किंवा घरातला माणूस गेल्यावर येतो. विदर्भातल्या विधवांचे फोटो आठवा. हातात नवऱ्याची तसबीर, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. कॅमेरा उभा, बाई खाली बसलेली. विचारतात काय, तर तो कसा गेला, किती कर्ज होतं. यंदा तू काय पेरलंस, बियाणं कुठून आणलंस, सातबारा तुझ्या नावावर झाला का, सोसायटी तुला कर्ज देते का, हे विचारलेलं क्वचित वाचायला मिळतं. त्या फोटोत शेतकरी एकच, तसबिरीतला. जी मागे राहून तीच जमीन कसते ती मात्र शेतकऱ्याची विधवा! दुःख दाखवू नका असं माझं म्हणणं नाही. पण माणसाला फक्त रडतानाच दाखवलं, तर त्याला शेतीतलं काही कळतं यावर कोणाचा विश्वास बसणार?

याला दुसरी रीत असते, आणि ती आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात घडलेली आहे. उदगीर सोडून बिदर ओलांडलं की पुढे तेलंगणातलं झहीराबाद लागतं. पूर्वी तो भाग मेदक जिल्ह्यात होता, आता संगारेड्डीत आहे. आपल्या मराठवाड्यासारखाच निजामाच्या राज्यातला. पीक ज्वारी, बाजरी, तूर. तिथं १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी काम करते. तिच्या गावोगावच्या संघांत आहेत गरीब बाया, बहुतेक दलित, शेतमजुरी करणाऱ्या किंवा एखाद-दोन एकर हलक्या रानाच्या मालकिणी. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांतल्या काही जणी व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. संस्थेचे पी. व्ही. सतीश हे आधी दूरदर्शनवर निर्माते होते, २०२३ मध्ये ते वारले. बहुतेक जणींना लिहितावाचता येत नव्हतं. पण खुरपं धरायला लिपी लागत नाही, तशी कॅमेरा धरायलाही लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांनी कॅमेऱ्याच्या नजरेला दिलेलं नाव. पटेल वरून खाली बघतो, तो पटेल शॉट. गडी खालून वर बघतो, तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समोरासमोर बसून घेतलेला तो संघम शॉट. चित्रपट शिकवणाऱ्या शाळेत हे तीन कोन तीन तांत्रिक नावांनी शिकवतात. या बायांनी त्यांत गावाची सगळी उतरंड दाखवून दिली. आता त्या विधवेचा फोटो पुन्हा डोळ्यांपुढे आणा आणि तो यांतला कोणता शॉट ते तुम्हीच ठरवा.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या पहिल्याच हंगामात या बाया वरंगळ जिल्ह्यात गेल्या. एकदा जाऊन फोटो काढून परतल्या नाहीत. पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याच त्या शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा गेल्या, पीक कसं येतं, खर्च किती झाला, हातात काय पडलं हे विचारत राहिल्या. २००३ मध्ये फिल्म आली, 'वरंगळचे शेतकरी बीटी कापसावर का चिडले आहेत?' ती परदेशातही दाखवली गेली. आता बीटीवर या मांडवातच दोन मतं आहेत, मला ठाऊक आहे. माझं मतही त्या बायांच्या मताशी सगळं जुळत नाही. पुढच्या दहा वर्षांत देशातला बहुतेक कापूस बीटीचा झाला, हेही खरं, आणि नंतर गुलाबी अळीनं त्याला दाद दिली नाही, हेही खरं. तो वाद दुसऱ्या दिवशी घालू. आज मला पद्धत दाखवायची आहे. एक हंगामभर एकाच रानात परत परत जाणं, याला आम्ही कृषी महाविद्यालयात निरीक्षण म्हणत होतो आणि त्याचे गुण मिळत होते. शहरातून येणाऱ्या वार्ताहराला तेवढी सवड नसते. या बायांना माहीत होतं की कापसाचा हिशेब पेरणीला होत नाही, शेवटच्या वेच्याला होतो.

रेडिओची कथा आणखी लांबडी आहे. झहीराबादजवळच्या माचनूर गावात युनेस्कोच्या मदतीनं १९९८ च्या सुमारास रेडिओ केंद्र उभं राहिलं. यंत्रं आली, बाया शिकल्या, पण बोलायची परवानगी नाही! हवेतून आवाज सोडायचा हक्क सरकारचा. मग त्यांनी कॅसेटी भरल्या आणि त्या संघांच्या बैठकीत हातानं नेऊन ऐकवल्या. बियाण्याच्या गोष्टी, रोगराई, औषधी पाला, पेरणीची आणि जात्यावरची गाणी, सगळं आपल्या तेलंगणी बोलीत. सरकारी रेडिओची शुद्ध तेलुगू त्यांना आपली वाटत नव्हती. अशी दहा वर्षं काढली.

परवानगीची वाट कशी मोकळी झाली ते ऐका. ती मोकळी झाली क्रिकेटमुळे. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हिरो कप भरवला आणि प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले. सरकारशी भांडण लागलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही आणि त्या लोकांच्या भल्यासाठी वापरल्या पाहिजेत. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. भांडण पुरुषांच्या क्रिकेटचं, कोट्यवधींच्या हक्कांचं. निकालाचा पाट मात्र ज्वारीच्या रानापर्यंत यायला तेरा वर्षं लागली. आधी शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली, २००६ च्या अखेरीस गावपातळीवरच्या संस्थांना. १५ ऑक्टोबर २००८ ला माचनूरहून संघम रेडिओ ९०.४ वर बोलू लागला. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंतच आले होते. केंद्र चालवणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा, एक जनरल नरसम्मा, दुसरी अल्गोल नरसम्मा. सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत संध्याकाळी त्यांचा आवाज जायचा. चूल पेटलेली असते, बाई घरात असते, ती वेळ त्यांनी धरली. बारा वाजता कार्यक्रम लावून बायांचा प्रतिसाद नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे शिकावं.

त्याच २००८ साली आपल्याकडे माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, तीही बायांच्या संस्थेची आणि दुष्काळी टापूतली. म्हणजे हे फक्त तेलंगणातच होतं असं नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, रेडिओ कशाला, परवाना कशाला? बरोबर आहे. पण घरातला चांगला फोन कोणाच्या हातात आहे? बाईकडे बटणाचा, नेटाचा पोराकडे. आणि फोन हातात आला तरी वेळ कुठून आणायचा? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एक तास बोलायला बसली तर तेवढे किलो गेले. पाणी, भाकरी, जनावरं यांची तर मोजदादच नाही. पोरानं संध्याकाळी क्रिकेट खेळावं म्हणून त्याचं काम कोणीतरी करतं, आणि करणारी कोण ते आपल्याला माहीत आहे. बाईचा आवाज ऐकायचा असेल तर आधी तिचा तास मोकळा करावा लागतो. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो तास महाग आहे. ही किंमत घरानंच द्यायची आहे, सरकारनं नव्हे.

दुसरी शंका भाऊ हळू आवाजात काढतात. बाई बोलायला लागली तर घरातलं बाहेर सांगेल. सांगेल! दारू सांगेल, कर्ज कशासाठी काढलं ते सांगेल. ते ऐकायची तयारी नसेल तर आपण सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या हिशेबाची झडती मागू नये.

आता कामाचं बोलते. आपलं हे पत्रक गेली कित्येक वर्षं निघतं. यात पत्रं येतात, शेतीचे अनुभव येतात, पण लिहिणारे बहुतेक भाऊच. संपादकांशी बोलून मी एक पान मागून घेतलं आहे. त्यात भाषण नको, कविता नको. यंदाच्या हंगामात रानात काय दिसलं ते बाईनं स्वतः सांगायचं, फोनवर बोलून रेकॉर्ड करायचं, आपल्या मुलीनं किंवा गावातल्या शिकलेल्या पोरीनं ते जसंच्या तसं उतरवून पाठवायचं. भाषा सुधारू नका. ती 'पऱ्हाटी' म्हणाली तर 'पऱ्हाटी'च लिहा, 'कपाशीचे पीक' करू नका. खाली तिचं स्वतःचं नाव आणि गाव, अमक्याची बायको असं नको. ज्वारीवाल्या बहिणींनी पेरलेलं वाण घरचं की दुकानचं, कणसात काणी किती आली आणि कडबा किती पेंढ्या निघाला ते सांगावं.

पहिला विषय डोमकळी. पोळ्याच्या सुमारास निंदणाला गेलात की वीस झाडांची फुलं पाहा, किती मिटलेली सापडली ते मोजा, कोणत्या तारखेला आणि पेरणी केव्हाची तेही बोला. प्रत्येक गावातून दोघी तरी हव्यात. नावं मी आत्ताच, जेवणाच्या आधी, उजव्या बाजूच्या टेबलावर लिहून घेणार आहे. चहाला गेलेले भाऊ परत आले असतील, तर त्यांनी घरच्या बाईचं नाव परस्पर लिहू नये, तिला विचारून यावं.